ढापा, पण मेडिक सोडून

काल रात्री पुन्हा तोच वाद. बॅटलफील्ड आणि कॉल ऑफ ड्यूटी (आमच्या भाषेत 'कॉड') या दोन युद्धाच्या व्हिडिओ गेमचा. आमच्या स्क्वॉडमधला, म्हणजे ऑनलाइन टोळीतला, एक जण जन्माचा कॉल ऑफ ड्यूटीवाला. म्हणे, "आमच्याकडून ढापलंत म्हणून तुमचं बॅटलफील्ड सुधारलं." रात्रीचा दीड वाजलेला, पलीकडच्या खोलीत आई झोपलेली, त्यामुळे माईकवर भांडता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

ढापण्याला माझी हरकत नाही. या धंद्यात सोवळ्यातलं कोण आहे? थोडं आडोशाला थांबलं की आपोआप भरणारं कवच 2001 च्या हेलोमध्ये होतं. 2005 च्या कॉल ऑफ ड्यूटी 2 ने औषधाचे डबे काढून टाकले आणि तब्येत आपोआप भरायला लावली. एपेक्स लेजंड्स फेब्रुवारी 2019 मध्ये आला, त्यातली पिंगची सोय फोर्टनाइटने काही आठवड्यांत उचलली. बरंच केलं! समोरच्याची भाषा कळत नाही, त्याच्याकडे माईक नाही, तरी एका बटणात "तिकडे गडी आहे" सांगता येतं. (शत्रू 'स्पॉट' करणं बॅटलफील्डमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून होतं, पण ते आमच्या कॉडवाल्याला सांगून उपयोग नाही.)

माझं रडगाणं आहे ते 'बॅटलफील्ड 2042' या गेमचं.

हॉस्टेलवर आम्ही बॅटलफील्ड 3 खेळायचो, मेट्रोचा मॅप. 64 जण त्या जिन्यांवर एकमेकांना भाजून काढायचे. मला नेम कधीच जमला नाही. पण असॉल्ट हा क्लास (म्हणजे ठरावीक कामाचा सैनिक) घेऊन मेडिकगिरी, म्हणजे पडलेल्यांना उठवणं, जमायची. डिफिब (शॉक द्यायचं यंत्र) काढायचा, धुरातून पळायचं, पडलेल्याला झटका द्यायचा. तो उठायचा आणि निघून जायचा, आभार वगैरे काही नाही. तरी राउंडच्या शेवटी माझं नाव वरच्या पाचांत असायचं. रणगाडा बिघडला की इंजिनिअर शोधायचा, गोळ्या संपल्या की सपोर्टच्या मागे लागायचं. एकाला दुसऱ्याची गरज पडायची, सगळी मजा त्यातच होती.

नोव्हेंबर 2021 मध्ये 2042 आला आणि क्लास गायब. त्यांच्या जागी 'स्पेशालिस्ट': नावगाव असलेली पात्रं. कुणाकडे हुक, कुणाकडे विंगसूट, आणि कुणीही कुठलीही बंदूक घ्यावी. ओव्हरवॉच, एपेक्ससारख्या गेममध्ये असली पात्रं शोभतात, कारण तिथे एका संघात मोजके खेळाडू असतात आणि समोर कोण आलंय ते लगेच ओळखू येतं. इथे 128 जण, त्यात दोन्ही बाजूंना तीच पात्रं! समोरून येणारा आपला की परका, हे गोळी खाल्ल्यावर कळायचं. मी पडून राहायचो, बाजूने चार जण धावत जायचे. त्यांच्यातला कुणी मेडिक आहे की नाही, हे त्यांनाही बहुतेक माहीत नसावं. सुरुवातीला तर धड स्कोअरबोर्डही नव्हता.

2023 च्या सुरुवातीला कंपनीने क्लास परत आणले. पण तोवर आमच्या आठातले पाच जण गेम अनइन्स्टॉल करून मोकळे झाले होते.

मग ऑक्टोबर 2025 मध्ये आलेला बॅटलफील्ड 6. त्याच्यावर देखरेख होती विन्स झँपेलाची, म्हणजे ज्याने कॉल ऑफ ड्यूटी जन्माला घातला त्यांच्यातलाच एक. वेग कॉडसारखा झालाय, काही मॅप फारच चिमुकले आहेत. कुणीही कुठलीही बंदूक घ्यायची मुभा अजून आहे, आणि तीही मला खुपते. पण क्लास आहेत. शिवाय पडलेल्या सोबत्याला फरफटत आडोशाला नेऊन उठवता येतं. परवा भिंत कोसळत असताना मला कुणीतरी बखोट धरून मागे ओढलं. पंधरा फुटांवर रणगाडा उभा, धुळीत काही दिसत नव्हतं. उठलो तेव्हा नाव पाहिलं.

आमचा कॉडवालाच होता.

आज साडेदहाला भेटू. सपोर्ट (आता मेडिकचं काम त्याच्याकडेच आहे) मी घेतोय, आधीच सांगून ठेवतो.