आठवण काढली की पुसते? असं कसं बे?

‘आठवण काढली की प्रत्येक वेळी मेंदू मूळ आठवण पुसून नवी नक्कल ठेवतो. म्हणून चांगल्या आठवणी उगाळू नका, खराब होतील. वाईट मात्र मुद्दाम आठवा आणि सहा तासांत नवा विचार भरा, कायमच्या जातील.’ असा मजकूर सध्या सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. खाली अर्थातच ‘विज्ञानाने सिद्ध’.

आधी हे सहा तास आले कुठून ते बघू. 2000 साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांना एक आवाज ऐकवून विजेचा झटका दिला. नंतर नुसता आवाज ऐकवला आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डाला या भागात प्रथिनं बनू न देणारं औषध सोडलं. उंदरांची भीती ओसरली. आवाज न ऐकवता औषध दिलं, किंवा सहा तास उशिरा दिलं, तर भीती होती तशीच राहिली. म्हणजे जागी झालेली आठवण काही तास कच्ची असते आणि पुन्हा पक्की व्हायला तिला नवी प्रथिनं लागतात. पण आवाज ऐकूनही ज्यांना हे औषध मिळालं नाही, ते उंदीर घाबरतच राहिले! नुसतं आठवल्याने काहीच पुसलं नव्हतं. नेमकं हेच मजकुरात गाळलंय.

‘प्रत्येक वेळी’ हेही खोटं. जुनी, घट्ट बसलेली आठवण सहसा अशी सैल होत नाही.

‘आठवणी बदलतात’ एवढं मात्र खरं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3.56, किल्लारीचा भूकंप. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं. सोलापुरात चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, भांडी कशी वाजली इथपासून सुरुवात होईल. त्यातलं किती स्वतःचं आणि किती शेजाऱ्याकडून ऐकलेलं, हे सांगणाऱ्यालाही सांगता येणार नाही. 1986 च्या चॅलेंजर यान दुर्घटनेनंतर अमेरिकेत विद्यार्थ्यांकडून लगेच लिहून घेतलेल्या आठवणी आणि काही वर्षांनी त्यांनीच सांगितलेल्या आठवणी जुळल्या नाहीत. सांगणाऱ्यांची खात्री मात्र पक्की! तपशील असे घसरतात. म्हणून भूकंप कुणी विसरलंय का?

उलट, आठवल्याने आठवण टिकते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर 40 टक्के आठवला; एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. दहावीच्या पोरांच्या ग्रुपवर हा मजकूर टाकणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

राहिला वाईट आठवणींचा उपाय. 2009 मध्ये मेरेल किंट यांच्या गटाने अ‍ॅम्स्टरडॅमला प्रोप्रानोलॉल ही बीपीची गोळी देऊन लोकांना एका चित्रासोबत बसलेल्या विजेच्या झटक्याच्या भीतीची आठवण करून दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचं दचकणं गेलं, पण कोणतं चित्र दिसलं की झटका बसतो हे त्यांना नीट आठवत होतं. तेही प्रयोगशाळेत घडवलेली भीती, आणि पुढे काही गटांना हा निकाल पुन्हा मिळाला नाही. तेव्हा अपघातातून वाचलेल्याला ‘आठव, सहा तासांत जाईल’ असं सांगू नका. तो रात्रीचा झोपत नसेल, तर त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.