दार प्रेक्षकांसाठी बंद होतंय, प्राण्यांसाठी नाही

एखादा छोटा खासगी प्राणिसंग्रह बंद होणार म्हटलं की एक मेसेज हमखास फिरतो: "शेवटची संधी! नंतर प्राणी मारून टाकणार किंवा जंगलात सोडून देणार. जाताना खाऊ घेऊन जा." यात बरीच गल्लत आहे.

लोकांना प्रवेश बंद होणं म्हणजे संग्रह मोडणं नव्हे. पुष्कळदा प्राणी तिथेच राहतात, फक्त तिकीटखिडकी बंद होते. पेर डेव्हिड हरणाचंच घ्या. चीनमधून ते नामशेष झालं, पण इंग्लंडमध्ये बेडफर्डच्या ड्यूकने वोबर्न इथल्या आपल्या खासगी आवारात कळप जपला. त्याच कळपाचे वंशज 1985 मध्ये चीनला परत गेले.

संग्रह खरंच मोडला, तरी पिंजऱ्यात जन्मलेला प्राणी सरळ जंगलात सोडणं म्हणजे त्याला उपाशी मारणं. शिकार, लपणं, काहीच त्याला येत नसतं. म्हणून दुसरं घर शोधतात, आणि त्याला वेळ लागतो. तपासण्या, परवाने, विलगीकरण. शिवाय प्रवासाची पेटी आधीपासूनच कुंपणात उघडी ठेवून त्यात खाणं टाकतात. पहिल्या दिवशी प्राणी फक्त मान आत घालतो, घास उचलतो, मागे सरतो. हळूहळू तो तिथेच बसून खायला लागतो.

भेटीला अवश्य जा. खाऊ मात्र नेऊ नका: पावाने पोट बिघडलेला प्राणी प्रवासाला पाठवता येत नाही.