मारुतीचं डिझेल परत येतंय म्हणे!

दर सहा-आठ महिन्यांनी हा मेसेज नव्याने फिरायला लागतो. सध्याच्या आवृत्तीतला मजकूर साधारण असा: मारुतीचं १.५ लिटरचं डिझेल इंजिन तयारच आहे, फक्त माळ्यावर टाकून ठेवलंय. जीएसटी उतरल्यामुळे छोट्या डिझेल गाडीला सोन्याचे दिवस आलेत. पाठीला यंत्र लावलेली ब्रेझा हायवेवर दिसली, ती डिझेलचीच चाचणी. ह्युंदाई, महिंद्रा, टाटा डिझेल विकतात, मग मारुतीलाच काय धाड भरलीय? आणि काहीच नाही जमलं तर टोयोटाचं इंजिन आहेच की! शेवटी ठळक अक्षरांत: बुकिंग केलं असेल तर थांबा.

आधी कबुली देतो. मी डिझेलवाला माणूस आहे. आमच्या घरी अकरा वर्षं डिझेल स्विफ्ट होती. टाकी भरून पुण्याहून कोल्हापूरला जायचं, दोन दिवस हिंडायचं आणि परत यायचं, तरी काटा अर्ध्याच्या वर. त्यामुळे हा मेसेज खरा निघाला तर सगळ्यात आधी पेढे मीच वाटेन. पण एकेक मुद्दा हातात घेऊन बघितला की पेढ्यांची ऑर्डर द्यायचं धाडस होत नाही.

पहिला मुद्दा, 'इंजिन तयारच आहे'. यात खोटं असं काही नाही, आणि अफवा टिकून राहते ती त्याच्याच जोरावर. २००७ साली स्विफ्टमध्ये आलेलं १२४८ सीसीचं डिझेल मुळात फियाटचं. सुझुकीने ते परवान्यावर मानेसरला बनवलं. तेच इंजिन आपल्या रांजणगावात फियाट आणि टाटाच्या गाड्यांसाठी बनत होतं. इतक्या कंपन्यांच्या बॉनेटखाली ते होतं की लोक त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. सुझुकीने स्वतःच्या डिझेलचा प्रयत्नही केला. २०१५ मध्ये सेलेरिओत ७९३ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन आलं. ॲव्हरेजचा कागदावरचा आकडा २७.६२, पण खडखडाट असा की शेजारी बसलेल्याशी मोठ्याने बोलावं लागे. दोनेक वर्षांत ते कारमधून गेलं. त्यानंतर मार्च २०१९ मध्ये सियाझमध्ये आणि पाठोपाठ अर्टिगात सुझुकीचं स्वतःचं १४९८ सीसीचं इंजिन आलं. ताकद ९५ पीएस, ओढ (टॉर्क) २२५ एनएम, सहा गिअर. चांगलं इंजिन होतं, फियाटच्या जुन्या १.३ लिटरसारखं २००० आरपीएमच्या खाली झोपा काढत नव्हतं.

आणि २५ एप्रिल २०१९ रोजी, म्हणजे नव्या इंजिनाचं बारसं होऊन महिनाच झाला असताना, अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी जाहीर केलं की १ एप्रिल २०२० पासून मारुती डिझेल गाड्या विकणार नाही. तेव्हा मारुतीच्या विक्रीत डिझेलचा वाटा २३ टक्क्यांच्या आसपास होता. जवळपास दर चौथं गिऱ्हाईक हातचं सोडायचं म्हणजे विचार करूनच सोडलं असणार. भार्गव यांनी दार थोडं किलकिलंही ठेवलं होतं: मागणी दिसली तर १.५ चा विचार करू. मेसेज लिहिणारे अजून त्या फटीतूनच आत डोकावतायत.

पण 'तयार' होतं ते बीएस-४ साठी, म्हणजे गाडीच्या धुराच्या जुन्या सरकारी नियमांसाठी; एप्रिल २०२० पासून त्यांच्या जागी कडक बीएस-६ आले. बीएस-४ मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, बीएस-६ मध्ये ८०. धुरातल्या कणांची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली. पेट्रोल इंजिनाला हा टप्पा त्या मानाने स्वस्तात पार करता आला. डिझेलला कण अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, लागतो आणि नायट्रोजन ऑक्साइड मारायला वेगळी यंत्रणा लागते. या भागांची किंमत गाडी लहान म्हणून लहान होत नाही. वीस लाखांच्या एसयूव्हीत ती जिरून जाते, आठ लाखांच्या स्विफ्टमध्ये नाही. एप्रिल २०२३ पासून तर, बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या रस्त्यावरही धूर मोजायचा नियम आला. म्हणजे २०१९ चं ते इंजिन आता दोन पायऱ्या मागे आहे. माळ्यावरून उतरवून, धूळ झटकून बसवण्यासारखी ही वस्तू नाही.

डीपीएफचं आणखी एक दुखणं आहे. अडकलेली काजळी जाळून टाकायला गाडी अधूनमधून जरा वेळ सलग वेगात धावावी लागते. रोज तीन किलोमीटरवर शाळा, दोन किलोमीटरवर मंडई अशा गाडीला तो योग येत नाही. आमच्या साडूच्या गाडीला (कंपनी वेगळी, नाव नको) दर पावसाळ्यात पिवळा दिवा लागायचा आणि रविवारी सकाळी तो एकटाच एक्स्प्रेसवेवर लोणावळ्यापर्यंत 'फिल्टर फिरवायला' जायचा. भजी खाऊन यायचा ते वेगळं! मारुतीचं गिऱ्हाईक बहुतांशी या मंडई-शाळावाल्यांचंच आहे, हे विसरू नये.

अफवेचा इतिहासही बघा. २०२० च्या डिसेंबरात बातमी आली होती की मारुती डिझेलमध्ये परतणार, मानेसरला तयारी चालू आहे. अनेकांनी, मीही, ती खरी मानली. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीचे तंत्रप्रमुख सी. व्ही. रामन यांनी सरळ सांगितलं की परतायचा विचार नाही. २०२३ चे नियम आले की खर्च आणखी वाढेल आणि डिझेलचा वाटा आणखी घटेल. २०१३-१४ मध्ये एकूण प्रवासी गाड्यांत ६० टक्के असलेलं डिझेल तेव्हा १७ टक्क्यांच्या खाली आलं होतं. घसरण का झाली, तर २०१२ च्या सुमाराला पेट्रोल-डिझेलच्या लिटरच्या भावात तीसेक रुपयांची दरी होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झालं आणि दरी बुजत गेली. जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेलने पेट्रोलला मागे टाकलं होतं! गिऱ्हाइकाला डिझेलचं प्रेम होतं त्याच्या भावामुळे, इंजिनाच्या गुणांमुळे कमी. आपल्यासारखे टॉर्कचे भक्त मूठभरच.

आता जीएसटी. मेसेजमधला खरा ताकदीचा मुद्दा हाच, म्हणून जरा थांबू. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली गाडी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल, तर कर १८ टक्के. नाहीतर ४० टक्के. आता ब्रेझा घ्या. लांबी ३९९५ मिलिमीटर, पेट्रोल इंजिन १४६२ सीसी, म्हणून ४० टक्के. तिच्यात १४९८ सीसीचं डिझेल बसवलं की लगेच १८. ज्याने कोणी हे पहिल्यांदा हेरलं त्याला दाद द्यायला हवी.

पण मग ही यादी पुढे चालवून बघा. स्विफ्ट, डिझायर, बलेनो यांचं पेट्रोल आधीच १८ मध्ये आहे, डिझेल आणून कराचा छदाम वाचत नाही. अर्टिगा, एक्सएल-६, ग्रँड विटारा, व्हिक्टोरिस चार मीटरच्या वर, म्हणजे इंजिन कुठलंही असो, ४० टक्के चुकत नाहीत. आणि डिझेलचा खरा उपयोग कुठे? सात माणसं आणि सामान घेऊन घाट चढणाऱ्या अर्टिगातच ना! म्हणजे कराचा फायदा मिळणार फक्त ब्रेझाला, आणि फार तर जिम्नीला. दोन गाड्यांसाठी कोण नवं डिझेल बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत आणेल? ब्रेझाला १८ मध्ये न्यायचंच असेल, तर मारुतीकडे ११९७ सीसीचं आणि एक लिटर टर्बो अशी दोन पेट्रोल इंजिनं घरातच आहेत. ब्रेझाइतक्याच लांबीच्या फ्रॉन्क्समध्ये ती दोन्ही मिळतातही.

शिवाय महाराष्ट्रात डिझेल गाडीचा रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त, सीएनजीचा पेट्रोलपेक्षा कमी. हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

हिशेबच मांडायचा तर असा. समजा पेट्रोल गाडी खऱ्या रस्त्यावर १५ देते आणि डिझेल २०. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर किलोमीटरमागे वाचतात सुमारे २ रुपये ४० पैसे. डिझेल गाडी दीड लाखाने महाग धरली तर ते पैसे फिटायला साठ हजारांहून जास्त किलोमीटर लागतात. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला पाच वर्षं. महिन्याला तीन हजार चालवणाऱ्याला पावणेदोन वर्षं, आणि हा गडी मात्र डिझेलचा हक्काचा गिऱ्हाईक. पण त्याच्यासाठी मारुतीने सीएनजी आणून ठेवलीय. किट लाखाच्या आत, किलोला ऐंशी-नव्वद रुपये, ॲव्हरेज पंचवीसच्या आसपास. म्हणजे किलोमीटरला सव्वातीन ते साडेतीन रुपये, जिथे डिझेलला साडेचार लागतात. आज मारुतीची साधारण दर तिसरी गाडी सीएनजी आहे. डिझेलने सोडलेली जागा रिकामी नाही, तिथे दुसरं बिऱ्हाड आलंय आणि भाडं वेळेवर देतंय. सीएनजीत घाटात दम लागतो, डिकी जाते (व्हिक्टोरिसमध्ये टाकी खाली घेतल्यामुळे ती वाचली), कोकणात पंपावर रांगेत अर्धा दिवस जातो, हे सगळं कबूल. तरी टुरिस्ट परमिटवाला हिशेब बघतो, आणि घाऊक गिऱ्हाईक तोच.

'बाकीच्यांना जमतं'. कोणाला जमतं ते बघा. महिंद्राचा धंदाच स्कॉर्पिओ, थार, बोलेरोवर उभा, तिथे डिझेल नाही तर काय विकणार? ह्युंदाई-किया एकच १.५ लिटर इंजिन क्रेटा, सेल्टॉसपासून खाली सॉनेटपर्यंत वापरतात, तेव्हा खर्च वाटला जातो. आणि सोडून गेलेल्यांची यादी मेसेजवाले कधी देत नाहीत: फोक्सवॅगन-स्कोडा, रेनॉ, निसान यांची छोटी डिझेलं २०२० मध्ये गेली, टाटाने टियागोचं १.०५ लिटर डिझेल तेव्हाच बंद केलं, २०२३ मध्ये होंडा बाहेर पडली, ह्युंदाईनेही आय-२० चं डिझेल काढलं. छोट्या गाडीत टिकलं ते अल्ट्रोजसारखं एखादंच. मारुतीची मुख्य विक्री मात्र छोट्या गाड्यांचीच.

दिल्लीचंही लक्षात घ्या. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२५ मध्ये न्यायालयाने कारवाईला थोडी ढील दिली, पण दहा वर्षांची ती भीती गिऱ्हाइकाच्या मनातून गेलेली नाही. आणि गुरुग्राम-मानेसर म्हणजे मारुतीचं अंगण.

फोटोतली ब्रेझा. मागे रॅकवर पेटी, सायलेन्सरला जोडलेली जाड नळी. हे रस्त्यावर धूर मोजायचं फिरतं यंत्र. वर सांगितलेला २०२३ चा नियम पेट्रोल गाड्यांनाही लागू आहे, त्यामुळे ही पेटी पेट्रोल, सीएनजी, कशाच्याही मागे दिसेल. फोटोवरून इंधन ओळखता येत असेल तर ती व्यक्ती ज्योतिषी आहे.

टोयोटाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. इनोव्हा क्रिस्टाचं २.४ डिझेल आहे लॅडर फ्रेम (खाली शिडीसारखा वेगळा सांगाडा) आणि मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीतलं. मारुतीची इन्व्हिक्टो बेतली आहे टोयोटाच्याच इनोव्हा हायक्रॉसवर, जिला तशी वेगळी फ्रेम नाही, ताकद पुढच्या चाकांना आणि स्वतः टोयोटानेही जिच्यात डिझेल दिलेलं नाही. इटिओस-कोरोलातलं छोटं १.४ डिझेल टोयोटाने २०२० मध्येच मोडीत काढलं. छोट्या इंजिनांच्या बाबतीत उलट टोयोटाच मारुतीकडून उसनवारी करते.

टोयोटाकडून मारुतीने खरं घेतलं ते हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर. ग्रँड विटारा हायब्रिडचा अधिकृत आकडा लिटरला २७.९७, आणि त्या गाजलेल्या १.५ डिझेल सियाझचा २६.८२. 'डिझेलचा कार्बन कमी, सरकारचे इंधन-मर्यादेचे नियम कडक होणार, म्हणून डिझेल लागणारच' असंही काही जाणकार म्हणतात. पण एक लिटर डिझेल जळलं की २.६ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलचा सुमारे २.३. भागाकार करा: सियाझ डिझेल किलोमीटरला शंभर ग्रॅमच्या जरा आत, हायब्रिड पंच्याऐंशीच्याही खाली. वर हायब्रिडला त्या नियमांत गुणांची सवलत, डिझेलला शून्य. ज्या कामासाठी डिझेल लागलं असतं, ते काम पेट्रोल आणि बॅटरी मिळून करतायत, तेही डीपीएफशिवाय.

राहिलं 'बुकिंग थांबवा'. माझ्या मावसभावाने २०२० च्या डिसेंबरातली बातमी वाचून अर्टिगाचं बुकिंग रद्द केलं होतं, डिझेल येतंय म्हणून. परवा त्याने मला हाच मेसेज पाठवला, खाली लिहिलं होतं, 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' तो अजून तेरा सालची स्विफ्टच चालवतोय. गाडी तक्रार करत नाही, वहिनी करतात.