दोन स्लॉट म्हणजे किती मिलिमीटर, ते लिहा!

पाच मिलिमीटर. ऑनलाइन मागवलेलं ग्राफिक कार्ड तेवढंच जास्त जाड निघालं, आणि तुरीच्या एका दाण्याएवढ्या फरकासाठी माझ्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट चार दिवसांपासून उघडं पडलंय. आणि आज दुपारी कस्टमर केअरमधला पोरगा मला सांगतो, "सर, आपल्या पिनकोडवर रिटर्न पिकअप उपलब्ध नाही."

पैसे कापताना माझा पिनकोड चालला. पाठवताना चालला. तीस हजारांचं ग्राफिक कार्ड घेऊन कुरिअरवाला आमच्या फाट्यापर्यंत आला. मग तोच रस्ता, तीच गाडी, तोच माणूस, परत नेताना काय होतं? हेच विचारलं. तीनदा विचारलं. दरवेळी "मी आपली अडचण समजू शकतो सर" आणि पुन्हा होल्डवरची ती पिपाणी. चौतीस मिनिटं! शेवटी म्हणाला, तुम्हीच कुरिअर करा, पावती पाठवा, दोनशे रुपयांपर्यंत परत मिळतील. अन् फोन ठेवता ठेवता, "बॉक्स उघडलाय का सर?" अरे बाबा, बॉक्स न उघडता ते कॅबिनेटमध्ये बसत नाही हे मला कळणार कसं? उघडतानाचा व्हिडिओ मागितला. आहे माझ्याकडे. आठ मिनिटांचा, एका दमात काढलेला, डब्यावरच्या लेबलापासून. तर त्यांचा फॉर्म पाच एमबीच्या वरची फाईल घेतच नाही.

तीस हजार म्हणजे किती, हे त्या पोराला कोण सांगणार? २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. म्हणजे चार क्विंटल कापूस, तोही हमीभाव हातात पडला तर. माझा बाप ओट्यावर बसलेला असतो आणि मी आत फोनवर "सर, प्लीज" म्हणत असतो. त्यानं ऐकलं सगळं. काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

आणि कार्ड आलं कसं, तेही ऐका. आदल्या दिवशी मेसेज: "ग्राहक घरी आढळला नाही." मी दिवसभर घरी. ना फोन, ना कोणी दारात. दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता फोन, "भाऊ, गावात नाही येत, फाट्यावर या." मे महिना, मारेगाव तालुका, दीड वाजता फाटा. डोक्याला दुपट्टा बांधून गेलो. डबा गाडीच्या टाकीवर उन्हात ठेवलेला, हात लावला तर चटका. सही केली, घरी आणला, तासभर सावलीत निवू दिला आणि मगच उघडला.

कार्ड लांबीला बरोबर बसलं. खाचेत टक्कन आवाज झाला, दोन्ही स्क्रू लागले, वायर लावली. बाजूचं झाकण घेतलं. वरची खाच बसली, खालची बसेना. जरा दाबलं तर पत्र्याला पोट आलं. बोटानं पंखा फिरवून पाहिला तर पातं जाळीला घासून खर्र खर्र करायला लागलं. मोटर वाइंडिंगवाल्या काकांकडून व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं माप, आणला. कार्ड भरलं ४७. कॅबिनेटच्या कागदावर जागा ४२.

आता त्या विकणाऱ्याच्या पानावर जा. लांबी आहे. रुंदी आहे. दिवे किती रंगांत लागतात ते आहे, चांगल्या चार ओळी. जाडीसमोर फक्त "२ स्लॉट". स्लॉट म्हणजे कॉम्प्युटरमध्ये कार्ड बसवायची खाच; एका स्लॉटपासून दुसऱ्या स्लॉटपर्यंत २०.३२ मिलिमीटर अंतर असतं, जगभर तेवढंच. दोन स्लॉट म्हणजे चाळीसच्या जरा वर. हे वरचे सहा-साडेसहा आले कुठून? व्हर्निअर लावून तेही पाहिलं. पंख्यांभोवतीच्या प्लास्टिकची नक्षी! टोकं काढलेली, कोपरे उचललेले, ट्रकच्या बंपरसारखं. त्यानं एक अंशही तापमान कमी होत नाही. त्या नक्षीपायी कार्ड बसत नाही, आणि तिची जाडी लिहायची कोणाला गरज वाटत नाही. लिहा न! "जाडी ४७ मिमी" एवढी एक ओळ. मी घेतलंच नसतं, तुमचाही त्रास वाचला असता.

"मोठं कॅबिनेट घे न मग," हे मला आतापर्यंत किमान दहा जणांनी सांगितलंय. अरे, लहान कॅबिनेट मी शोभेसाठी घेतलं नाही. लग्नाच्या व्हिडिओवर माझं घर चालतं. लग्नं उन्हाळ्यात. गावची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळते तीही उन्हाळ्यात, आणि जळली की दोन-दोन, तीन-तीन दिवस गाव अंधारात. तेव्हा दहा लिटर मावेल एवढा तो कॅबिनेटचा डबा शाळेच्या दप्तरात घालतो, करंजीला गाडी बदलतो आणि हिंगणघाटला मामाच्या घरी जाऊन रेंडर लावतो, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार व्हायला ठेवतो. एसटीत मांडीवर घेऊन बसतो, वरच्या रॅकवर ठेवत नाही. मोठं टॉवर कॅबिनेट मांडीवर घेऊन दाखवा मला. लॅपटॉपचंही सांगू नका. तो वापरून झाला. दुसऱ्या उन्हाळ्यात बॅटरी फुगली, टचपॅड वर उचललं गेलं.

नागपूरला बर्डीवरच्या एका दुकानात आधी गेलो होतो, आता आठवलं की पुन्हा रक्त तापतं. म्हटलं, बारा जीबी मेमरीचं छोटं ग्राफिक कार्ड दाखवा, जाडी बेचाळीसच्या आत. माणसानं आधी माझ्या चपलेकडे पाहिलं, मग विचारलं, "कुठून आले?" गाव सांगितलं. "गावात एवढं कायले पाहिजे भाऊ? ऑफिस पीसी घेऊन जा न." मी मिलिमीटर विचारले तर "बसून जाते, टेन्शन नका घेऊ". फूटपट्टी मागितली तर हसला. म्हणून ऑनलाइन घेतलं. तिथं कोणी हसत नाही, पण मोजतही नाही.

आणि ते कार्ड निवडण्याचं डोकेफोड प्रकरण. ज्याला विचारावं तो आरटीएक्स ४०६०. ११५ वॅटचं आहे, थंड चालतं, मान्य. पण मेमरी ८ जीबी. रात्रीच्या वरातीचं फोरके फुटेज, अर्धा अंधार, अर्धे डीजेचे दिवे. त्यातले दाणे काढायला नॉइज रिडक्शन लावलं की माझं सॉफ्टवेअर मेमरी भरली म्हणून उभंच राहतं. म्हणून ३०६० घेतलं, १२ जीबीवालं. ते १७० वॅट खातं. म्हणजे पंचावन्न वॅट जास्तीची आग त्याच डब्यात. हे मला माहीत होतं, विचार करून घेतलं. मला "चूक केलीस" म्हणणाऱ्यानं आधी एक वरात एडिट करून दाखवावी.

पण माझा खरा राग रिव्ह्यूवाल्यांवर आहे. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचा असो नाहीतर कार्डाचा, प्रत्येक आकडा २१-२२ अंशांच्या खोलीतला. कूलर कितीही भारी असला तरी तो चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त फरक कमी ठेवतो. २१ अंशांत प्रोसेसर ७२ वर राहिला, म्हणजे खोलीपेक्षा ५१ नं जास्त. माझ्या खोलीत दुपारी ४१ असतं, पत्र्याचं छप्पर. ४१ आणि ५१, झाले ९२! आणि त्यांनी मोजलं ते उघड्या टेबलावर. माझं बंद डब्यात, शेजारी १७० वॅटचं कार्ड. माझ्या आय५-१२४०० प्रोसेसरची हद्द १०० अंश. तिथं पोचला की तो स्वतःचा वेग कापतो, आणि चार तासांचं रेंडर सहा तासांवर जातं. नागपूरनं २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेत. नवतपा, मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, दरवर्षी येतो. इथं लाखो लोक राहतात, कॉम्प्युटर विकत घेतात. एका तरी माणसानं एकदा ४० अंशांच्या खोलीत मोजून दाखवावं. एकदा!

प्रोसेसरच्या डब्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं. तोच प्रोसेसर जोर लागला की ११७ वॅटपर्यंत जातो, ते डब्यावर सापडणार नाही. माझ्या कॅबिनेटमध्ये कूलरसाठी उंची ४८ मिलिमीटर. ४७ चा कूलर मागवला तर विकणाऱ्यानं तो बोर्डाला पक्का करायची पट्टी जुन्या सॉकेटची (प्रोसेसर बसतो त्या जागेची) पाठवली. जुन्याच्या छिद्रांचं अंतर ७५ मिलिमीटर, माझ्या बोर्डाच्या छिद्रांचं ७८. तीन मिलिमीटरसाठी पंधरा दिवस बसून होतो, दोन लग्नांचे लोक रोज फोन करत होते, नवरीच्या भावाला मी काय सांगू? पट्टी. पट्टी आली नाही. त्याला वाटलं मी पैसे खाल्ले. तेव्हाही मिलिमीटर, आताही मिलिमीटर.

बाबा म्हणतात, "घरात एवढा मोठा कूलर असताना त्या डब्याले आणखी कूलर कायले लागते?" त्यांचं चूक नाही. पाण्याचा कूलर लावला की खोली खरंच बत्तीस-तेहतीसवर येते आणि मशीन सुटकेचा श्वास घेतं. पण लाइट गेली की तो बंद, यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर. आणि त्याची ओली हवा डब्यात जाते. इथली धूळ साधी नाही. वणीकडून कोळशाचे ट्रक, म्हणजे काळी भुकटी. हिवाळाभर घरात कापूस, म्हणजे तंतू. त्याला कूलरची ओल लागली की हिटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या) पात्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो. फेब्रुवारीत उघडलं तर चिमट्यानं अख्खा एक तुकडा निघाला, करडा, वातीसारखा पिळलेला. तो निघाल्यावर त्याच कामात तापमान अकरा अंशांनी खाली आलं. अकरा! महागडी पेस्ट, महागडे पंखे, सगळं बाजूला. आणि कॅबिनेटसोबत धुळीची जाळी द्यायला यांच्या जिवावर येतं, ती वेगळी विकत घ्या.

सध्या काय केलंय ते सांगतो, कारण विचाराल. झाकण काढूनच ठेवलंय. कार्डाची वीज सॉफ्टवेअरमधून १७० वरून १२० वॅटवर बांधली, व्होल्टेजही उतरवलं. थोडा वेळ जास्त लागतो, पण ८३ वर अडकणारं कार्ड आता ७४-७५ वर चालतं. प्रोसेसरला बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ६५ वॅटवर बांधलं. रात्री अकरानंतर रेंडर लावतो आणि उघड्या बाजूकडून टेबल फॅन. पण झाकणाशिवाय तो डबा दप्तरात जात नाही. म्हणजे ज्या एका कारणासाठी लहान मशीन बांधलं, तेच गेलं. डीपी जळली तर मी काय करू? सत्तावीस तारखेचं लग्न हार्डडिस्कमध्ये पडलंय, पोरगी सासरी जाऊन पोचली, तिच्या आईला रोज व्हिडिओ पाहिजे.

त्या पोराला मी शेवटी सांगितलं, ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. जाहिरातीत लिहिलं तशी वस्तू नसेल तर विकणाऱ्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. तुमच्या पानावर दोन स्लॉट लिहिलंय, माझ्याकडे व्हर्निअरचा फोटो आहे. तो गप्प झाला. मग म्हणाला, "सर, मी वरिष्ठांना कळवतो." फोन ठेवला आणि लगेच १९१५ ला लावला, ग्राहक हेल्पलाइनला. तक्रार नोंदवली, नंबर आला, वहीत लिहून ठेवलाय.

उद्या सकाळच्या गाडीनं वणीला जातो, कार्ड स्वतःच कुरिअर करतो. वजनाची पावती घेणार, डबा बांधतानाचा व्हिडिओ काढणार, आणि तो पाच एमबीच्या आत बसवणार. यापुढे जो कोणी कार्ड विकायला येईल त्याला किंमत नंतर विचारीन. आधी व्हर्निअर त्याच्या हातात देईन.