शिकायला गेलीस की फिरायला?

मी जर्मनीत ड्रेस्डेनला शिकते. मार्चमध्ये प्रागच्या चार्ल्स ब्रिजवरचा फोटो टाकला आणि त्याच रात्री आत्याचा फोन आला. "अगं, शिकायला गेलीस की फिरायला? दादानं घरावर कर्ज काढलंय." रागावून नाही, काळजीनंच बोलली. तेव्हा मी विषय बदलला. आता सुट्टीत बडोद्याला, दांडिया बाजारच्या घरी आलेय, तर तोच प्रश्न शेजारच्या काकूंनी विचारला, मग मामांनी, मग बाबांच्या मित्रांनी. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आत्या, हे आधी तुझ्यासाठी.

पैशांचं पहिल्यांदा सांगते, कारण खरा प्रश्न तोच आहे. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे आधीच पैसे भरून ठेवलेल्या आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यातून, मला महिन्याला 992 युरो मिळतात. खोलीचं भाडं, विमा, जेवण, सगळं त्यातच. त्यातला एक सेंटही मी या प्रवासाला लावला नाही. ड्रेस्डेनमध्ये मी शनिवार-रविवार एका बेकरीच्या काउंटरवर काम करते, तेव्हा तासाला 12.82 युरो मिळायचे. आठ दिवस, प्राग, व्हिएन्ना आणि व्हेनिस ही तीन शहरं, एकूण खर्च 410 युरो. म्हणजे जवळजवळ 32 तास उभं राहून केलेलं काम. आम्ही चौघं होतो, मी, नाशिकची मैत्रीण, केरळची एक आणि कोलंबियाचा एक वर्गमित्र. हॉस्टेलात आठ-आठ जणांच्या खोलीत झोपलो. खोलीवर लाटलेले थेपले चार दिवस पुरले, कोलंबियाच्या मित्राला ते आमच्यापेक्षा जास्त आवडले. व्हिएन्नाहून व्हेनिसला रात्रीच्या गाडीत बसून गेलो, झोपायचा डबा परवडला नाही. येताना म्युनिकहून आधी हॉफ आणि मग ड्रेस्डेन, कारण आमच्या पासवर पॅसेंजर गाड्याच चालतात.

आता अभ्यासाचं. मी बडोद्याच्या कलाभवनातून सिव्हिल इंजिनिअरिंग केलं आणि तिकडे जुन्या इमारतींचं जतन शिकते. पहिल्या सेमिस्टरला भिंतीत चढणाऱ्या ओलीवर अख्खा पेपर होता. केशाकर्षणानं पाणी विटेतून किती उंच चढेल, याचं गणित मी नीट सोडवलं. मार्कही चांगले पडले.

प्रागमध्ये पिंकस सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. नाझींनी मारलेल्या चेक प्रदेशातल्या जवळपास 78 हजार ज्यूंची नावं तिथे भिंतींवर लिहिली आहेत. छापलेली नाहीत, हातानं लिहिलेली. नाव, जन्मतारीख, आणि त्या माणसाबद्दल माहीत असलेली शेवटची तारीख. लांबून भिंतीला नुसता करडा रंग दिल्यासारखं वाटतं, जवळ गेलं की अक्षरं दिसतात. वरच्या मजल्यावर नाझींच्या तेरेझिनच्या छावणीत मुलांनी काढलेली चित्रं आहेत. ही नावं पहिल्यांदा 1950च्या दशकात लिहिली गेली. मग जमिनीतली ओल चढली, 1968 मध्ये वास्तू बंद झाली आणि तेव्हाच्या कम्युनिस्ट राजवटीनं ती वर्षानुवर्षं उघडलीच नाही. 1990च्या दशकात नावं पुन्हा लिहावी लागली. सगळी, एकेक करून.

त्या भिंतीसमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. ओल किती सेंटीमीटर चढते हे मला येत होतं. ती चढली की काय नाहीसं होतं, हे मात्र कुठल्याच पेपरात नव्हतं. केरळची मैत्रीण बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, संध्याकाळपर्यंत आम्ही कुणीच फारसं बोललो नाही.

व्हिएन्नाबद्दल एकच सांगते. तिथे नळाचं पाणी डोंगरातल्या झऱ्यांचं आहे, पहिली जलवाहिनी 1873 ची, आणि ती आजही चालू आहे. चौघांनी बाटल्या भरून घेतल्या, दोन दिवस पाण्याला पैसा लागला नाही.

व्हेनिसला सान मार्कोच्या चर्चमधली फरशी बघायला मी मुद्दाम गेले होते. शाळेच्या सहलीत बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याचा दरबार हॉल पाहिला तेव्हा बाईंनी सांगितलं होतं, ही मोझेकची जमीन व्हेनिसच्या पद्धतीची आहे. आपली सपाट आहे. तिकडची लाटांसारखी वरखाली झालीये, खालची जमीन खचलीये. भरतीचं पाणी अडवायला समुद्राच्या तोंडाशी मोठे दरवाजे बांधलेत, 2020 पासून ते उचलतात. पण चर्चपुढचा चौक इतका सखल की दरवाजे उचलण्याआधीच भिजतो. म्हणून 2022 मध्ये चर्चभोवती काचेची भिंत घातली. पाणी ओसरलं तरी मीठ विटेत राहतं, सुकताना त्याचे खडे होतात आणि वीट आतून फुटते.

ते बघताना मला बडोद्याच्या समा भागातलं काकांचं घर आठवलं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा त्यांच्या बैठकीत कमरेएवढं पाणी होतं. चिखल उपसायला मीही होते, पुढच्याच महिन्यात मी जर्मनीला गेले. काकांनी दिवाळीआधी घाईघाईनं प्लास्टिक पेंट मारून घेतला. भिंत आतून ओली, वरून बंद, पाण्याच्या वाफेला वाट कुठे मिळणार? होळीपर्यंत पोपडे सुटले. या सुट्टीत काका आणि मी तो रंग खरवडून काढलाय. भिंत आधी पूर्ण वाळू देणार, मग चुन्याचा हात. आत्या, हे मी व्हेनिसला शिकले असं म्हणणार नाही, पुस्तकात होतंच. पण काकांना ठामपणे सांगायची हिंमत तिथून आली.

पंधरा दिवसांत अकरा शहरं करणारी मुलंही माझ्या वर्गात आहेत. ते मला पटत नाही. एका भिंतीसमोर तासभर उभं राहता येत नसेल, तर बसच्या तिकिटाचे पैसे वाया गेले, असं मला मनापासून वाटतं.

आणि फिरण्यावरून बोलणी तर आपल्या महाराजांनाही चुकली नाहीत. सयाजीराव गायकवाड 1887 मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले आणि मग जातच राहिले. 1900 मध्ये व्हाइसरॉय कर्झननं फर्मान काढलं, की संस्थानिकांनी परवानगीशिवाय परदेशी जाऊ नये. तरी ते गेले, अमेरिकेतली ग्रंथालयं पाहून आले, तिथून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बडोद्याला आणलं आणि गावोगावी फुकट वाचनालयं निघाली. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात माझी आजी शाळकरी असल्यापासून जायची. ते त्याच प्रवासातून आलं.

या सप्टेंबरात ज्यांची मुलं निघतायत, त्यांनी मला जरूर मेसेज करावा. माझ्याकडे आठ दिवसांच्या हिशेबाची वही आहे, बसच्या तिकिटापासून ब्रेडच्या पाकिटापर्यंत सगळं लिहिलंय. फोटो काढून पाठवते. आत्याला काल दाखवली, तिनं चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली.