वाढत्या अंगाचा इन्व्हर्टर

आमच्या आईने मला दहावीपर्यंत मापाचा शर्ट म्हणून घेतला नाही. "वाढत्या अंगाचं पोर आहे" म्हणत ती दोन नंबर मोठा काढायला लावायची, आणि तो अंगाला नीट बसेपर्यंत कॉलर विरून गेलेली असायची. त्यामुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं, तेव्हा इन्व्हर्टर कितीचा घ्यायचा हा प्रश्न तिच्या कानावर पडायला नको होता. पडला.

"इन्व्हर्टर आहे की आपल्याकडे!" हे तिचं पहिलं वाक्य. लोडशेडिंगच्या काळातला, बॅटरीवाला, हॉलच्या कोपऱ्यातला. तो बॅटरीतली वीज लाईट गेल्यावर देणारा, हा पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारा; तो वेगळा आणि हा वेगळा, हे समजावण्यात एक संध्याकाळ गेली.

हिशोब तसा सोपा होता. ५५० वॉटचे सहा पॅनल, म्हणजे ३.३ किलोवॉट. उरलेली गच्ची कुरडया-पापडांच्या नावावर असल्यामुळे सातव्या पॅनलचा विषयच नव्हता. शिवाय सूर्यघर योजनेचं अनुदान ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांवर थांबतं ते थांबतंच. सोलरवाला मुलगा म्हणाला, "काका, तीनचा इन्व्हर्टर घ्या."

"अरे, ३.३ ला तीन? वरचे तीनशे वॉट कुठं जाणार?"

"कुठं जात नाहीत. इन्व्हर्टर तीनच्या वर घेतच नाही."

"म्हणजे वाया!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. आमच्याकडे पानात भाताचं शीत राहिलं तरी चौकशी होते.

त्यात मेहुण्याचा फोन. त्याने तेवढ्याच पॅनलना पाचचा घेतला होता, 'पुढंमागं वाढवता येतील' म्हणून. आईचा चेहरा उजळला. "बघ, वाढत्या अंगाचा!" (मेहुण्याला पाचचा घेऊन चार वर्षं झाली. ना पॅनल वाढले, ना गच्ची.)

मुलगा शांत होता. म्हणाला, पॅनलवर छापलेले ५५० वॉट हे पॅनल २५ अंशांवर असतानाचे. आता सोलापुरात एप्रिलमध्ये २५ अंश सापडलेच तर माठात सापडतील. भर दुपारी पॅनल साठ-पासष्टपर्यंत तापतो आणि २५ च्या वरच्या दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज कमी देतो. वर धूळ आहेच. सहा पॅनल मिळून तीनला पोचले तरी खूप. मोठा इन्व्हर्टर घेतला तर नुसते पैसे जास्त जाणार.

तीनचा आला. जिन्याखाली लागला. आणि मी समोर खुर्ची टाकून बसलो, वाया जाणारे तीनशे वॉट डोळ्यांनी बघायला. एप्रिल, दुपारचे साडेबारा, आकडा २.६८. मे, २.६३. आधी उतू जाईल म्हणून झोप नव्हती, आता भांडं भरतच नाही म्हणून लागेना. शेवटी मी सोलरवाल्याला फोन करून विचारलं, "इन्व्हर्टर मोठा तर नाही ना झाला?" पलीकडे बराच वेळ शांतता होती.

जुलैत एक सर येऊन गेली. पॅनल धुऊन निघाले, गार पडले, आणि ढगाच्या कडेने ऊन असं काही आलं की आकडा २.४, २.९ आणि ३.०० वर जाऊन चिकटला.

"उतू चाललंय!" मी ओरडलो.

आई धावत गॅसपाशी गेली. दूध जागेवर होतं. मिनिटभरात इकडचा आकडाही खाली उतरला.

त्याच दुपारी लाईट गेली, आणि जिन्याखालचा डबाही गप्प. आई उन्हाकडे बघत म्हणाली, "एवढं ऊन पडलंय, मग हा का झोपला?" तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या विजेचा झटका बसू नये म्हणून लाईट गेली की हाही बंद होतो, हे मी सांगत होतो, तेवढ्यात हॉलच्या कोपऱ्यात टक् झालं आणि पंखा फिरायला लागला.

आईने पदराने त्या जुन्या खोक्यावरची धूळ पुसली.

"हा मी घेतला होता," ती म्हणाली. "दुकानदार लहान दाखवत होता."