गुलाबी मेणबत्ती आणि दोन कैदी

नाताळ अजून आलेला नाही. हे आज, १६ डिसेंबर २०२५ला, मुद्दाम लिहितेय, कारण माझ्या फोनमध्ये तो नोव्हेंबर संपायच्या आतच येऊन बसलाय. आधी ग्रुपवर 'मेरी ख्रिसमस', पहिल्या आठवड्यात ऑफिसची पार्टी, दुसऱ्यात सोसायटीचा सांता, मग कुठल्या ना कुठल्या मंडळाचं 'ख्रिसमस सेलिब्रेशन', केक, प्रमुख पाहुणे आणि पाहुण्यांचं भाषण. हॉल मिळत नाही, शाळांना सुट्ट्या लागतात, २५ नंतर लोक गावी जातात. कारणं सगळी खरी आहेत, मी भांडत नाही. पण २६ला सकाळी बघावं तर गॅलरीतली चांदणी उतरलेली असते आणि ट्री खोक्यात गेलेला असतो. चर्चच्या हिशेबाने सण कालच सुरू झाला, आमच्या घरी तो शिळा झाला.

आता कुणी म्हणेल, बाई, आनंदच करतायत ना लोक, करू देत की. करू देत. माझी तक्रार वेगळीच आहे. नाताळचा आनंद आधीच खाऊन टाकल्यामुळे आगमनकाळाचा आनंद कुणाच्या वाट्यालाच येत नाही. आणि तो वेगळा आनंद आहे. नाताळची रंगीत तालीम नव्हे तो.

ख्रिस्ती नसलेल्या मित्रमंडळींसाठी थोडक्यात सांगते. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. ३० नोव्हेंबर हा संत अंद्रियाचा दिवस, त्याच्या सर्वांत जवळच्या रविवारी तो सुरू होतो. यंदा तो रविवार नेमका ३० तारखेलाच आला. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी हा काळ संपतो. फादरांच्या अंगावर जांभळा झगा असतो, वेदीवर फुलं बेताची (एकेकाळी गुलशनाबाद म्हणवणाऱ्या नाशिकमध्ये हे पाळायचं म्हणजे फुलं सजवणाऱ्या बायकांची परीक्षाच) आणि हिरव्या चक्रात चार मेणबत्त्या. दर रविवारी एक वाढते.

मी गायन मंडळात आहे, त्यामुळे मला हा काळ कानांनी कळतो. आगमनकाळात रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ग्लोरिया हे देवाचं स्तुतिगीत म्हणत नाहीत. एरवी रविवारी ते असतंच, त्यामुळे सुरुवातीच्या क्षमायाचनेनंतर एकदम प्रार्थना आली की सवयीने कुणीतरी श्वास घेतं आणि गिळून टाकतं. ८ डिसेंबरला मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला म्हणायला मिळतं, मग पुन्हा कुलूप. यामागे शिक्षा वगैरे नाही. ग्लोरियाची पहिली ओळ बेथलेहेमच्या मेंढपाळांसमोर देवदूतांनी गायलेली, लूकच्या शुभवर्तमानातली. ती रात्र यायच्या आधी ते गाणं कसं गाणार? म्हणून २४च्या रात्री तेच ग्लोरिया सुरू होतं, घंटा वाजतात, तेव्हा आमच्यातल्या खर्जाच्या काकांचा आवाजही जागेवर येतो. चार रविवार न गायलेलं गाणं गाताना जे होतं ते रोज गाणाऱ्याला होणार नाही.

उलट बाजूचे लोकही आहेत बरं का. काही ज्येष्ठ मंडळी आगमनकाळाला उपवासकाळाचा (ईस्टरआधीच्या प्रायश्चित्ताच्या काळाचा) धाकटा भाऊ करून टाकतात. हसू नका, फराळाला हात लावू नका, गाणी रडकी म्हणा. त्यांना मी एकच दाखवते. उपवासकाळात 'आलेलुया' हा जयघोष बंद असतो, आगमनकाळात तो चालूच राहतो. दोन्हींचा जांभळा एकच दिसला तरी मिजाज एक नाही. कन्फेशनची, म्हणजे पापकबुलीची, रांग दोन्हीकडे असते, हे मान्य. पण घरात पाहुणा यायचा म्हणून झाडलोट करणं निराळं आणि सुतकात झाडलोट करणं निराळं.

ते मेणबत्त्यांचं चक्र तर आमचं कॅथलिकांचं नाहीच मुळी. हॅम्बर्गमध्ये योहान हिनरिख विखेर्न नावाचे एक प्रोटेस्टंट धर्मसेवक गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारून भंडावून सोडत. म्हणून १८३९ साली त्यांनी एका जुन्या गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या छोट्या लाल. रोज एक पेटवायची. पुढे ते सगळ्या चर्चेसमध्ये गेलं. आमच्याकडे आता ते मोरपंखीच्या फांद्यांचं करतात, थर्माकोलचं तयारही मिळतं. मला मात्र खेड्यातल्या एखाद्या चॅपेलमध्ये खरं बैलगाडीचं चाक बघायला आवडेल. त्या मुलांच्या चुळबुळीवर 'गप्प बसा' हे उत्तर विखेर्न यांनी दिलं नाही, आणि २५ तारखेचा केक १ तारखेलाही दिला नाही. मला नेमकी हीच गोष्ट आवडते.

तर, गुलाबी मेणबत्ती. परवाचा रविवार, १४ तारीख, आगमनकाळाचा तिसरा. त्याला आनंदाचा रविवार म्हणतात, जांभळ्याऐवजी गुलाबी. सुरुवातीचं वचन बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातलं असतं: प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा. लग्नपत्रिकेवर छापावं असं वाक्य. पण पौलाने हे पत्र लिहिलं ते बेड्या पडलेल्या असताना. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात तो आपल्या बंधनांबद्दल लिहितो. शिक्षा होईल की सुटका, हेही त्याला ठाऊक नाही.

आणि यंदाच्या वाचनचक्रात (रविवारची बायबलवाचनं चक्राने ठरलेली असतात) त्याच रविवारी मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातला बाप्तिस्मा करणारा योहान आला. तोही तुरुंगात. नदीकाठी ज्याने हजारोंना सांगितलं, तो येतोय, तयार व्हा, तोच आता कोठडीतून शिष्यांकरवी निरोप पाठवतो की येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट पाहायची? येशू उत्तरात सांगतो की आंधळे बघतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठतात, गरिबांना सुवार्ता कळते. यादी लांब आहे, पण नीट वाचा, त्यात बंदिवान सुटतात असं नाही. यशयाच्या ग्रंथात आहे, नासरेथच्या सभास्थानात येशूने स्वतः वाचलेल्या उताऱ्यातही आहे. योहानाला धाडलेल्या उत्तरात नाही. योहान सुटला नाही, पुढे तुरुंगातच त्याचा शिरच्छेद झाला.

म्हणजे आमच्या आनंदाच्या रविवारी दोन माणसं बोलली आणि दोन्ही कैदी. मी नाशिकरोडला राहते. आमच्याकडे पत्ता सांगताना 'जेल रोड' म्हणायला कुणाची जीभ अडखळत नाही, इतकं ते नाव रोजचं झालंय. सेंट्रल जेलवरून रिक्षा जाते, आपण मोबाइलमध्ये बघत असतो. बंद्यांनी घडवलेल्या गणपतीच्या मूर्ती घ्यायला लोक हौसेने जातात, तेवढाच संबंध. मुलाखतीला आलेल्या बाया पिशव्या घेऊन थांबलेल्या दिसतात. देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांतली जवळपास तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटल्याचा निकालच लागलेला नाही. वाट पाहणं म्हणजे काय, हे त्या पिशवीवाल्या बाईला विचारावं. आम्ही चर्चमध्ये त्यावर प्रवचन ऐकतो. याच रविवारी रोममध्ये ज्युबिलीतला, म्हणजे कॅथलिक चर्चच्या विशेष पवित्र वर्षातला, कैद्यांचा दिवस होता. ज्युबिली वर्ष सुरू होताना, गेल्या वर्षी २६ डिसेंबरला, पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात ज्युबिलीचा पवित्र दरवाजा उघडला होता. पोपचा हा वारसा नाशिकरोडला तरी अगदी दारात उभा आहे. प्रत्येक धर्मग्रामाने (चर्चच्या स्थानिक समाजाने) एक सांता कमी करून एखाद्या कच्च्या कैद्याच्या घरी डिसेंबरचा किराणा पोचवला, तर मला तो गुलाबी रंग जास्त कळेल. हे माझं मत आहे, धर्मशिक्षण नव्हे.

त्याच दिवशी दुसरं वाचन याकोबाच्या पत्रातलं होतं. शेतकरी बघा, भूमीच्या मोलाच्या पिकासाठी कसा धीर धरतो, पहिला आणि शेवटचा पाऊस पडेपर्यंत. हे वाचलं जात असताना आमच्या मंडळातले एक दादा, ज्यांच्या भावाची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "शेवटचा पाऊस नको म्हणावं." मला प्रार्थनेत हसू आलं आणि लगेच गेलंही. यंदा मे महिन्यापासून जो पाऊस लागला तो ऑक्टोबर सरला तरी हटेना. एप्रिल छाटणीनंतर वेलीला ऊन लागतं, तेव्हा काडीत घड तयार होतो. ऊनच नाही तर घड कुठून येणार? मग ऑक्टोबरची छाटणी करून बघायचं, काडीतून काय निघतं ते. याकोब गव्हा-जवाच्या पावसाबद्दल बोलत होता, त्याच्या मुलखात त्या पावसाची वाट बघत. आमच्याकडे डिसेंबरात ढग आले की पोटात गोळा येतो.

पण बाकीचं वाचन दादांना लागू पडतं, आणि मला वाटतं आम्हा शहरवाल्यांपेक्षा जास्त. द्राक्षवाला वाट बघतो म्हणजे खुर्ची टाकून बसत नाही. डिसेंबरात बागेत विरळणी चालू असते, जीएचे डिप (वाढीच्या औषधात घड बुडवणं) चालू असतात, भुरी आणि डावणी या रोगांवर डोळा ठेवायचा असतो. निफाडकडे पारा उतरला की पहाटे ठिबकचं पाणी सोडतात, ओळींमध्ये शेकोट्या पेटवतात, मण्यांना थंडीचा तडाखा बसू नये म्हणून. माल जानेवारी-फेब्रुवारीनंतर. आज घडाला हात लावला तर हिरवा, कडक, आंबट. कुणी तो 'आनंदात' तोडून खात नाही. पण त्या दादांच्या भावाला बागेत चालताना बघा, घड मोजताना चेहरा बघा. यंदा घड कमी आहेत, तरी तो मोजतो. मला जो आनंद म्हणायचाय तो हाच, हातात काही नसताना कामाला लावणारा.

घरांमध्ये तो अजून शिल्लक आहे, हे नोंदवलं पाहिजे. केकसाठी मनुका आणि टुटीफ्रुटी रममध्ये (माझ्या सासूबाईंसमोर: द्राक्षरसात) भिजत पडल्यात. संध्याकाळी कुणाकडे करंज्या, कुणाकडे चकल्या. शेजारच्या मल्याळी घरी अच्चप्पमचे साचे बाहेर निघाले, खालच्या गोव्याच्या आंटींकडे नेवऱ्या आणि कुलकुल. नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमुळे, रेल्वेमुळे, देवळालीच्या तोफखान्यामुळे कुठकुठले ख्रिस्ती येऊन राहिले. पण मला जास्त मजा वाटते ती समोरच्या कुलकर्णी, आहेर, शेख यांच्या घरांची. दिवाळीत आणि ईदेला त्यांची ताटं आमच्याकडे आलेली असतात, आता पाळी आमची. समोरची लहान मुलगी डिसेंबर लागल्यापासून जिन्यात गाठून विचारते, "ताई, करंज्या कधी?" मी सांगते, "पंचवीसला." ती रोज नव्याने निराश होते आणि रोज नव्याने विचारते. विखेर्न यांच्या आश्रमात ती शोभली असती. माझ्या ओळखीत आगमनकाळ मनापासून पाळणारी सध्या ती एकटीच आहे, आणि ती कॅथलिक नाही.

उद्यापासून, १७ तारखेपासून, उपासनेचा सूर बदलतो. आतापर्यंत प्रार्थनांमध्ये प्रभूच्या दुसऱ्या आगमनाचा भर होता, आता आठ दिवस थेट जन्माकडे. मठातल्या सिस्टर संध्याकाळच्या प्रार्थनेत जुनी सात संबोधनं म्हणतील, रोज एक: हे ज्ञाना, हे दाविदाच्या किल्ल्या, हे उगवत्या प्रकाशा, असं करत शेवटी हे इम्मानुएला. या सगळ्यांत तू ये, ये, ये असाच धोशा. येत्या रविवारी वाचनात मरियेच्या पतीचं, योसेफाचं, स्वप्न येईल. संध्याकाळची ती सात संबोधनं चर्चमध्ये सगळ्यांसाठी, मराठीत, दहा मिनिटांत म्हणता येतील. पार्टीला हॉल मिळत नाही म्हणता ना? त्या वेळी चर्च रिकामंच असतं.

आणि कॅरल्स. तरुण मुलांनी घरोघर गात फिरणं मला मनापासून आवडतं, ते बंद करा असं कोण म्हणेल? फक्त २५च्या आधीच्या फेऱ्यांत आगमनाची गाणी म्हणा, आणि जन्माची गाणी २५ नंतर घेऊन निघा. यंदा नाताळचा काळ ११ जानेवारीपर्यंत आहे, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत. दोन आठवड्यांहून जास्त. तेव्हा नाशिकमध्ये थंडीही खरी असते, लोक घरी असतात, आणि फराळ संपत आलेला असल्यामुळे यजमान चहावर भागवतात, तेही बरंच. आमच्या मंडळाने यंदा हे ठरवलंय. पहिली फेरी २७ला, शनिवारी. ज्यांच्या दारावरची चांदणी तोपर्यंत लटकलेली असेल, त्यांच्याकडे आधी येऊ. पत्ते कमेंटमध्ये लिहू नका, मला मेसेज करा. आणि मंडळातल्यांनो, येत्या शनिवारी संध्याकाळी सातला प्रॅक्टिस आहे, ग्लोरियाची. चर्चमध्ये नव्हे, हॉलमध्ये, दारं लावून.